सहा भोंगे आणि चार मिनिटं

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शाळेला आग लागली आणि भोंगा वाजला नाही. यावर एकशे ऐंशी मुलं, अकरा शिक्षक आणि समोरच्या फुटपाथवरचा सायकलवाला यांचं एकमत होतं. एकट्या शिपायाचं म्हणणं होतं, की मी बटण दाबलं.

बुधवारी मला बोलावणं आलं. मी सरकारी शाळांची सुरक्षा तपासनीस. त्याआधी वीस वर्षं वायरमन होते, आणि बाईलाही वायरमनच म्हणतात हे लोकांना सांगून सांगून मी थकले आहे. वय बावन्न, गुडघे सत्तरीचे, आणि स्वभावाबद्दल घरच्यांना न विचारलेलं बरं.

आग तशी लहान होती. तळमजल्यावरच्या सामानाच्या खोलीत जुना एक्स्टेन्शन बोर्ड तापला, शेजारचे कागदाचे गठ्ठे पेटले आणि धूर जिन्याने वर चढला. मुलं बाहेर यायला हवी होती दोन मिनिटांत. ती आली सहाव्या मिनिटाला. चौथीतली एक मुलगी जिन्यात गुदमरून पडली. एक रात्र दवाखान्यात काढून ती आता घरी येणार होती, खायला मागत होती आणि दप्तर कुठाय म्हणून विचारत होती. थोडक्यात निभावलं. पण ती चार मिनिटं कुणी खाल्ली, याचं उत्तर सगळ्यांना हवं होतं, आणि सगळ्यांनी ते आधीच ठरवूनही टाकलं होतं.

"काका घाबरले," मुख्याध्यापिका म्हणाल्या. शाळेत त्यांना मोठ्या बाई म्हणतात. "वाईट वाटतं, पण घाबरले. बटण न दाबताच गेटकडे पळाले. शुक्रवारी तीन वाजता शाळा समितीची बैठक आहे. तुमचा अहवाल आला की काकांना काढायचा निर्णय होईल. गेटजवळच्या दोन खोल्याही त्यांना सोडाव्या लागतील."

हे सांगताना त्या टेबलावरचं घड्याळ सरळ करत होत्या. ते आधीच सरळ होतं. त्यांच्यामागे भिंतीवर शाळेची प्रमाणपत्रं ओळीने लावलेली होती. त्यात 'भोंगा यंत्रणा: चालू' असं मागच्या सत्रातलं एक प्रमाणपत्र होतं आणि त्याखाली माझीच सही होती.

मी सामानाच्या खोलीबाहेरचं बटण पाहून आले. हे बटण काचेमागे असतं, काच फोडून दाबायचं. काच फुटलेली होती. पण ती आग लागल्यावर फोडली की गेटवरून परत आल्यावर, हे काच सांगत नाही.

२

शिपायाला सगळे कुलूपकाका म्हणतात. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की ते कुठून येताहेत हे मुलांना आवाजावरून कळतं. त्यांच्या खोलीच्या दारावर कुणीतरी खडूने लिहिलं होतं, 'पळपुटा'.

"पुसत का नाही?" मी विचारलं.

"मी का पुसू? मी लिहिलं नाही." काकांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. काकू आतल्या दारात पदराआड तोंड धरून उभ्या होत्या. दोन पेट्या आताच बांधून ठेवलेल्या दिसत होत्या.

"काका, पहिल्यापासून सांगा."

"धूर दिसला. काच फोडली. बटण दाबलं. मग मागच्या दाराने मैदानातून गेटवर. तसा नियमच आहे, ताई. ज्यानं बटण दाबलं त्यानं गेट उघडून तिथंच थांबायचं. परत आत जायचं नाही, म्हणजे मुलांची आणि त्याची टक्कर होत नाही. दर महिन्याला आपण तशीच प्रॅक्टिस करतो. मी गेट उघडलं आणि उभा राहिलो. मुलं येईनात. एक मिनिट, दोन मिनिटं. मला वाटलं, आज रांगा लावायला वेळ लागतोय. मग मात्र माझी पाचावर धारण बसली. नियम गेला चुलीत म्हटलं आणि आत पळालो, एकेका वर्गाचं दार बडवत."

"बटण दाबल्यावर भोंगा ऐकू आला?"

काका जरा अडखळले. "आला... म्हणजे, काहीतरी आलं. बरणीत भुंगा कोंडला की कसं घुंऽऽ करतो, तसं. मला वाटलं, सुरू होतोय. मी कुठं थांबतोय ऐकत! आणि गेटवर तर रस्त्याची रहदारी, तिथं काय कपाळ ऐकू येणार?"

भुंग्याबद्दल मी काही लिहून घेतलं नाही. घाबरलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं, असा माझा समज.

"प्रॅक्टिसला वाजतो तेव्हाही असाच वाजतो का?"

"प्रॅक्टिसला कुठं वाजवतात? शिट्टी मारतात. बालवर्गातली पोरं घाबरतात, म्हणून मोठ्या बाईंनी शिट्टीच ठेवलीय."

"बरं. मागच्या सत्रात भोंग्याचा काही त्रास झाला होता ना?"

"त्रास? वात आणला होता नुसता! छताचं प्लास्टर चाललं होतं. धूर ओळखणाऱ्या त्या डब्यांत धूळ गेली की भोंगा सुरू. तीन आठवड्यांत अकरा वेळा! मग डब्या उतरवल्या, नव्या अजून यायच्यात. तोवर बटणावरच भिस्त." काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरासं हसू आलं. "ते तीन आठवडे काय गंमत होती, ताई. ज्याला त्याला शिडी हवी. कुणाला फ्रेम टांगायचीय, कुणाला पंखा पुसायचाय. मी शिडी धरायला थांबलो की म्हणायचे, राहू द्या काका, मी बघतो. सगळ्यांना एकदमच वर चढायची हौस आली होती."

मी हसले आणि निघाले. दारात काकू हळूच म्हणाल्या, "ताई, हे खोटं नाही बोलत हो. यांना खोटं बोलताच येत नाही. मला साडी आवडली नाही तर तेसुद्धा लपवता येत नाही यांना."

बायकोची साक्ष मी सहसा धरत नाही. पण ही मला दिवसभर टोचत राहिली.

३

गुरुवारी शिक्षकांना भेटले. शाळा सोमवारपर्यंत बंद होती, पण शिक्षकांना यावं लागत होतं, त्यामुळे सगळे आधीच वैतागलेले.

गणिताचे सर खिडकीखाली वह्या तपासत बसले होते. वर्गात तीन मोठ्या खिडक्या, वारा असा की वह्यांवर डस्टर ठेवावं लागत होतं. छत पांढरं, मोकळं, मधोमध भोंग्याची गोल जाळी तेवढी.

"भोंगा वाजला नाही?" मी विचारलं.

"माझ्या वर्गातला तरी नाही." सरांनी वर पाहिलं आणि पटकन पुन्हा वहीत डोकं घातलं. "हे बघा मॅडम, सरळ हिशेब आहे. बटण दाबलं की भोंगा वाजतो. भोंगा वाजला नाही. म्हणजे बटण दाबलं नाही."

"किंवा यंत्रणा बंद होती."

"ते तुम्ही तपासा. तुमचंच प्रमाणपत्र आहे की चालू म्हणून." सरांनी वहीवर एवढा मोठा लाल काट मारला, की मी पुढचा प्रश्न गिळला.

चित्रकलेच्या बाई मऊ स्वभावाच्या. बोलताना हातातला ब्रश उगीच पुसत होत्या. त्यांच्या खोलीत मुलांच्या चित्रांच्या फ्रेमा भिंतीला टेकवून जमिनीवर उभ्या होत्या, दहा-बारा तरी असतील. भिंतीवर एकही नव्हती.

"मला त्या आवाजाची धडकीच भरते हो," बाई म्हणाल्या. "मागच्या सत्रात तो वाजला तेव्हा माझ्या हातून शाईची बाटली एका पोरीच्या अंगावर गेली. तरी पण परवा वाजायला हवा होता. माझ्या इथला नाही वाजला, पण दुसरा कुठला तरी यायला हवा होता ना ऐकू?" आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू उत्तर मी खिशात घेऊन फिरते आहे.

बालवर्गाच्या ताई पंचविशीच्या. डोळे रडून सुजलेले. त्यांच्या वर्गात एक मुलगी आहे, मोठा आवाज झाला की ती बाकाखाली शिरते आणि तासभर बाहेर येत नाही. प्लास्टरच्या दिवसांत ती तीनदा कपड्यांत ओली झाली होती.

"परवा धूर आला तेव्हा ती माझा हात धरून शांतपणे बाहेर आली," ताई म्हणाल्या. "भोंगा वाजला असता तर आली नसती. बाकाखाली बसली असती. मला कळतच नाही मी देवाचे आभार मानू की..."

"की काय?"

"काही नाही. काकांना काढू नका हो, मॅडम."

"काका चुकले असतील तर?"

ताईंना एवढा मोठा हुंदका आला की मीच पाण्याचा पेला पुढे केला. एखादी बाई शिपायासाठी इतकी का रडते, हा प्रश्न मी वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

४

दुपारी मी माझ्या आवडत्या कामाला लागले. माणसं खोटं बोलतात, तारा बोलत नाहीत.

अग्निशमन दलाने आल्या आल्या शाळेची वीज तोडली होती आणि भोंग्याच्या पॅनलची बॅटरीही काढून ठेवली होती. त्यामुळे प्रत्यक्ष भोंगा वाजवून बघता येत नव्हता. वीज शुक्रवारी दुपारी यायची होती. पण प्रत्येक भाग वेगळा तपासता येत होता आणि मी तो तपासला. बॅटरी पूर्ण भरलेली. पॅनल ठणठणीत. जुन्या पद्धतीचं पॅनल, कधी काय वाजलं याची नोंद त्यात राहत नाही, फक्त लाल दिवा लागतो आणि वीज गेली की विझतो. बटण उत्तम. बटणापासून पॅनलपर्यंतची तार अखंड.

शाळेत एकूण सहा भोंगे. गणिताचा वर्ग, चित्रकला, बालवर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि मोठ्या बाईंच्या कचेरीबाहेरचा. पॅनलच्या टोकाला मीटर लावून मी सहाही भोंग्यांची लाइन मोजली. सहाच्या सहा जागेवर, एकाचीही तार तुटलेली नाही.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. एक भोंगा बिघडू शकतो, दोन बिघडू शकतात, पण सगळे एकाच वेळी कधीच बिघडत नाहीत. सगळे गप्प झाले, तर दोष जिथे सगळ्यांच्या तारा एकत्र येतात तिथे शोधायचा, म्हणजे पॅनलमध्ये. आणि पॅनलमध्ये दोष नव्हता.

मी जिन्यावर बसले आणि पुन्हा पुन्हा तेच मांडून पाहिलं. यंत्रणा चांगली होती. बटण दाबलं असतं, तर भोंगे वाजलेच असते. ते वाजले नाहीत.

म्हणजे कुलूपकाकांनी बटण दाबलं नव्हतं.

मोठ्या बाई जिन्याच्या खाली येऊन उभ्या होत्या. "झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं. तो शब्द उच्चारताना त्या बांधलेल्या दोन पेट्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. अहवाल उद्या देते, असं सांगून मी घरी गेले.

५

शुक्रवारी सकाळी चहा घेताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. हा माणूस निवृत्त झाल्यापासून माझ्या कामात मला सल्ले देतो, आणि ते मी ऐकत नाही असं त्याला दाखवावं लागतं.

"पण तुला झोप बरी लागली म्हणायची," तो म्हणाला.

"लागली की. आणि तूही गेल्या महिन्यापासून तक्रार केली नाहीस. माझं घोरणं थांबलं वाटतं."

नवरा हसता हसता ठसकला. आत जाऊन त्याने उशीखालून कापसाचे दोन बोळे आणून माझ्या बशीशेजारी ठेवले.

"घोरणं कुठलं थांबतंय! छत हलतं. मी महिनाभर हे घालून झोपतोय. तुला कशाला सांगून वाईट वाटायला लावू?"

एरवी मी दोन दिवस अबोला धरला असता. पण मी त्या बोळ्यांकडे बघतच राहिले. महिनाभर शांतता होती, म्हणून मी समजले की मीच गप्प झाले. मी तर रोज जोरात वाजत होते!

बरणीत कोंडलेला भुंगा.

चहा तसाच टाकून मी कुलूपकाकांना फोन लावला.

"काका, मागच्या सत्रात, प्लास्टरच्या त्या तीन आठवड्यांत शिडी कुणी कुणी नेली? नीट आठवून सांगा."

"आता ते कशाला, ताई?"

"सांगा तर खरं."

काकांनी बोटं मोजत सांगितलं असावं. "गणिताचे सर, पंखा पुसायला. चित्रकलेच्या बाई, फ्रेमा टांगायला. बालवर्गाच्या ताई, छताला कागदी पक्षी लावायचेत म्हणाल्या. विज्ञानाचे सर, दिवा बदलायला. ग्रंथालयाच्या मॅडम, जळमटं काढायला. आणि हो, मोठ्या बाईसुद्धा! भिंतीवर घड्याळ लावायला."

गणिताच्या वर्गात पंखाच नाही. चित्रकलेच्या खोलीत एकही फ्रेम टांगलेली नाही. मोठ्या बाईंचं घड्याळ टेबलावर असतं. सहा भोंगे आणि शिडी मागणारी सहा माणसं.

"काका," मी म्हटलं, "तीन वाजता ती शिडी घेऊन बटणाजवळ या. आणि काकूंना सांगा, पेट्या सोडा."

६

तीन वाजता समितीचे अध्यक्ष आणि दोन सदस्य आले. अध्यक्ष म्हणजे गावाचं सगळं ओझं आपल्याच खांद्यावर आहे असा चेहरा करणारे गृहस्थ, पण माणूस न्यायाचा. वीज आली होती. मी पॅनलला बॅटरी जोडली आणि शिडी नेणाऱ्या सहाही जणांना सांगितलं, की आपापल्या भोंग्याखाली जाऊन उभं राहा, आणि दारं उघडी ठेवा.

अध्यक्षांना घेऊन मी बटणाजवळ गेले. काका आधीच तिथे होते, अंगावर इस्त्रीचा शर्ट, आज किल्ल्यांचा जुडगा नाही. तो त्यांनी सकाळीच मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला होता.

"दाबा, काका."

काकांनी बटण दाबलं. भोंगा वाजला नाही.

"बघा!" एक सदस्य म्हणाले. "यंत्रणाच बंद आहे की!"

"एक मिनिट गप्प उभे राहा," मी म्हटलं. मी जरा चढ्या आवाजात बोलते, त्यामुळे ते गप्प झाले. आणि मग सगळ्यांना ते ऐकू आलं. कुठूनतरी वरून, भिंतीतून आल्यासारखं, घुंऽऽ.

अध्यक्षांचं तोंड उघडं राहिलं. "हे काय आहे?"

"सहा भोंगे पूर्ण ताकदीने वाजताहेत, साहेब. मंगळवारीही असेच वाजत होते. काकांनी बटण दाबलं होतं."

काकांनी भिंतीला हात टेकला आणि ते खाली बघत राहिले.

आम्ही शिडी घेऊन बालवर्गाच्या दारात पोचलो, तर ताई एका लहानशा बाकावर चढून छताकडे हात उंचावत होत्या आणि रडत होत्या. हात पोचत नव्हता. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी शिडी ओढून घेतली. दोन स्क्रू काढले, जाळी खाली आली, आणि आतून त्यांनी लोकरीची एक टोपी ओढली.

भोंगा असा किंचाळला की अध्यक्ष दोन पावलं मागे गेले.

"त्या पोरीसाठी केलं!" ताई त्या आवाजावरून ओरडून सांगत होत्या. "फक्त माझ्या वर्गातला! मला वाटलं, बाकीचे पाच आहेतच की!"

शिडी पुढे गेली. चित्रकलेच्या खोलीत स्पंज निघाला. ग्रंथालयात मफलर. प्रयोगशाळेत हातमोज्यांची जोडी. दर खोलीगणिक आवाज वाढत होता आणि प्रत्येक जण खाली उतरताना तेच ओरडत होता, की मला वाटलं बाकीचे आहेत. गणिताच्या सरांनी स्वतःच्या हाताने डस्टरचं कापड बाहेर काढलं. त्यांना परीक्षेच्या दिवसांत शांतता हवी होती. ते कापड हातात धरून ते खाली उतरले आणि कुणालाही न सांगता मैदानातून काकांच्या खोलीकडे चालू लागले. खिडकीतून मला दिसलं, सर नळावर ते कापड भिजवत होते आणि मग दारावरचा तो शब्द पुसत होते. तो त्यांनीच लिहिला होता का, हे मी आजवर विचारलेलं नाही.

शेवटचा भोंगा कचेरीबाहेरचा. मोठ्या बाईंनी शिडीवर पाय ठेवला, दोन पायऱ्या चढल्या आणि थांबल्या. मग चढून त्यांनी आतून निळी शाल ओढून काढली. सहा भोंगे एकदम वाजले. रस्त्यावरची माणसं थांबून शाळेकडे बघू लागली.

मी पॅनल बंद केलं. कान बधिर झाले होते.

"सहा जण," अध्यक्ष हळूच म्हणाले. "आणि एकालाही दुसऱ्याचं माहीत नाही?"

"कसं माहीत असणार? त्यानंतर डब्या उतरवल्या, भोंगा वाजायचं कारणच उरलं नाही. प्रॅक्टिस शिट्टीवर. प्रत्येकाने कधीतरी काढू म्हणून ठेवलं आणि विसरला. कुणाचाच हेतू वाईट नव्हता, साहेब. ताईंचा तर मायेचाच होता. म्हणूनच मला तीन दिवस सापडलं नाही. मी चोर शोधत होते." मग मी एक श्वास घेतला, कारण पुढचं बोलायला जड जात होतं. "आणि सहा नाही, सात जण. त्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर माझी सही आहे. मी तपासायला आले तेव्हा परीक्षा चालू होती. मोठ्या बाई म्हणाल्या, वाजवू नका. मी मीटर लावला, लाल दिवा बघितला आणि सही केली. कानाने ऐकून तपासायचं काम मी डोळ्यांनी उरकलं. कालही तेच केलं. अहवालात माझंही नाव असेल."

मोठ्या बाई शालीची घडी घालत होत्या, ती नीट बसत नव्हती, पुन्हा उलगडत होत्या. त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून सगळे थांबले होते. त्यांनी कचेरीतून जुडगा आणून काकांच्या हातात दिला, मान हलवली आणि पुन्हा आत निघून गेल्या.

तेव्हा काका बोलले. मला वाटलं होतं रडतील. ते चिडले होते.

"चार मिनिटं मी गेटवर उभा होतो," ते म्हणाले. "एकही पोर येईना. ती चार मिनिटं तुम्हाला नाही कळायची."

७

नवं वेळापत्रक काकांनीच आखलं. दर सोमवारी सकाळी मुलं यायच्या आधी ते बटण दाबतात, आणि प्रत्येक शिक्षकाने आपल्या भोंग्याखाली उभं राहून खिडकीतून हात दाखवायचा. गणिताचे सर पहिल्या सोमवारी दोन्ही हात दाखवत होते. डब्याही नव्या बसल्या. समितीने काकांना विचारलं, की बटणानंतर गेटवर थांबायचं काम दुसऱ्या कुणाला देऊ का. काका म्हणाले, गेट माझंच.

अडचण उरली ती बाकाखाली शिरणाऱ्या मुलीची. तोडगा ताईंनी काढला. त्यांनी तिला सोमवारी लवकर बोलावलं, कानांवर जाड कानटोप घातले आणि काकांच्या कडेवर बसवून बटण तिलाच दाबू दिलं. पहिल्या वेळी ती दचकली. दुसऱ्या वेळी दाबायच्या आधी तिनेच सगळ्यांना बजावलं, "आता वाजणारे हं!" तिसऱ्या सोमवारी तिने बटण सोडायला नकार दिला.

महिन्याभराने पूर्ण शाळेची प्रॅक्टिस ठरली, शिट्टीविना. मला बोलावलं होतं, पण बघायला, तपासायला नाही. मी काकांशेजारी गेटवर उभी राहिले. बटण दाबून ते धापा टाकत आले होते. हातात खेळाच्या सरांचं स्टॉपवॉच. रहदारी नेहमीसारखी होती, तरीही भोंगा इथपर्यंत स्वच्छ ऐकू येत होता.

काका शाळेच्या दाराकडे बघत होते. पापणी लवत नव्हती. किल्ल्या एका हाताने घट्ट धरल्या होत्या. पंधरा सेकंद झाले, वीस झाले.

मग दारातून बालवर्ग बाहेर पडला. एकमेकांचा शर्ट धरलेली रांग, सगळ्यांत पुढे कानटोप घातलेली ती मुलगी, ताईंना मागे ओढत. त्यांच्यामागे पहिली, दुसरी, तिसरी. चौथीच्या रांगेत दवाखान्यात राहून आलेली ती मुलगी होती, मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगून हसत. काका प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजत होते, मोठ्याने, आणि मोजता मोजता त्यांचा आवाज फाटत होता. "एकशे अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी." एक मिनिट बावन्न सेकंद.

शिक्षकही आले. गेट लावायचं तेवढं राहिलं. पण काका थांबले, कारण मोठ्या बाई अजून आल्या नव्हत्या. सगळ्या खोल्या रिकाम्या झाल्याची खात्री करून त्या शेवटी मैदानातून पळत आल्या, साडीचा घोळ हातात धरून.

काकांनी स्टॉपवॉच त्यांच्यापुढे धरलं. "बाई, तुम्हाला वीस सेकंद उशीर झाला."

सगळी शाळा बघत होती. मोठ्या बाईंना दम लागला होता. त्यांनी काकांकडे पाहिलं.

"चुकलं माझं, काका," त्या मोठ्याने म्हणाल्या, शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल असं. "तुम्हाला चार मिनिटं उभं केलं. चुकलं."

काकांनी डोळे पुसले, गेट लावलं आणि मुलांकडे वळून ओरडले, "चला, वर्गात! तास बुडवायचा नाही."